पोती तेवढीच

चोपड्याला माहेरी निघालेली झुंबर तान्ह्याला पदराखाली घेऊन तापीच्या नावेत बसली होती. शेजारी बसलेले इसाकभाई निंबा नावाड्याशी बोलत होते.

"निंबा, बठ्ठी पोती चढली?"

"चढली, भाई. सगळी वीसच. दर बाजाराला वीसच नेतो."

"दर बाजाराला सरकी राहते. आज मीठ शे."

"पोतं तर तेच ना? उभं बी तेवढंच, आडवं बी तेवढंच."

"सरकीचं पोतं तू एकटा खांद्यावर टाकतोस. मग आज एकेकाला तिघं का लागले?"

"हमाल आळशी झाले, भाई!"

"नावेची कड बघ. सकाळी पाण्याच्या हातभर वर होती."

"आता बी वीतभर शे ना. अजून चार माणसं बसतील."

"आणि मधल्या धारेत लाट आली तर?"

निंबानं वल्हं हातात घेतलं. बुडातल्या फटीतून आलेलं गार पाणी झुंबरच्या अंगठ्याला लागलं. ती पोराला छातीशी धरून उठली आणि काठावर उतरली.

"अवं ताई, कुठं चालली? पोराचं वजन ते कितलं?"

"नावेला आत्ता तेवढं बी पेलवेना, दादा. आधी मीठ उतरवा, मग चढते."