रविवारचा मेसेज

बोईसर स्टेशनाबाहेर नवापूरच्या रिक्षासाठी थांबलो होतो. माझ्या मागे रिकामी टोपली घेतलेली एक कोळीण आणि जिमचा टी-शर्ट घातलेला तरुण.

"तू जिमवाला निमेश ना? मी कल्पेशची आई."

"मावशी... मी बाराव्यालापण आलो नाही. धीरच झाला नाही."

"असू दे. त्याच्या फोनवर दर रविवारी तुझा मेसेज येतो."

"अरे देवा! सगळ्यांचा आठवड्याचा व्यायाम मी ॲपमध्ये भरून ठेवतो, तो आपोआप जातो. त्याचं नाव काढायचं राहिलं. चुकलो मावशी, आजच काढतो."

"नको रे काढू. फोन मी चार्ज करून ठेवते. शेजारची मोनाली वाचून दावते. सोमवारी पाय, बुधवारी खांदे. पण तू दर आठवड्याला वजन वाढवतोस."

"थोडं थोडं वाढवावंच लागतं, मावशी."

"खांदा दुखायचा त्याचा. माझ्याकडून तेल चोळून घ्यायचा."

"मला कधी बोलला नाही."

"तुला कसा बोलेल? तू बंद केलं असतंस."

निमेशने खिशातून फोन काढला.

"या रविवारी जरा हलकं लिव."

"किती ठेवू?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुलाच ठाऊक हाय, त्याला किती झेपतं ते."