टाळ्यांखालचा आवाज

माझ्या कॅमेऱ्याखालच्या डबीला हसू नका. जवळा बाजारच्या लग्नात नवरदेवाचा मामा बी असाच हसला होता.

"व्हिडिओवर शेवटी गाणंच टाकता ना? मग ही डबी काहून?"

म्हणलं, "मामा, प्रीअँप हाय. नवरदेवाच्या शेरवानीला लावलेल्या माइकात कुणी हळू बोललं, तरी खरखर न होता आवाज वाढतो."

नवरी दवाखान्यात नर्स. बायांनी उखाण्याचा आग्रह धरला, तशी ती ताठ मानेनं म्हणाली, "सोयाबीनच्या शेतावरून वारा वाहतो मंद, गणेशराव, माझी नोकरी करणार न्हाई ना बंद?" टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरदेव काय बोलला, कुणालाच ऐकू आलं न्हाई.

चार दिवसांनी मामा दुकानात हजर. "तेवढा उखाणा काढून ऐकव. सून म्हणते, नवऱ्यानं नोकरीचं कबूल केलं. आमचं पोरगं तर चकार शब्द बोललं न्हाई."

मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. टाळ्यांखालून नवरदेव स्वच्छ बोलला, "न्हाई करणार. तू बिनधास्त जा."

मामा चिडला. "हे पुसून टाक अन् वरून गाणं टाक!"

म्हणलं, "उशीर झाला, मामा. तुमची सून सकाळीच पेनड्राइव्ह घेऊन गेली. अन् तेवढ्या जागी आवाज मी अजून वाढवून दिला."