चाळीस मिनिटांचं टाइमटेबल

दुकानवाली : मॅडम, अजून एकदा विचार करा. जुन्या जातीच्या डेस्कटॉपचा हा शेवटचा नग आहे. काचेत राहून राहून कडासुद्धा पिवळ्या पडल्यात याच्या.

बाई : कडा पिवळ्या पडल्या म्हणून गणित चुकत नाही. मला हाच दे.

सर : ताई, मी शाळेतला पीटीचा मास्तर. या आमच्या गणिताच्या बाई. मी इथे फक्त खोकं उचलायला आलोय, सल्ला द्यायला नाही. पण शेजारी नवंकोरं मशीन ठेवलेलं असताना जुनं मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

बाई : तुम्ही खोकं उचला, सर.

सर : उचलतो की. पण कुठलं उचलू ते ठरू दे.

दुकानवाली : मी समजावून सांगते, सर. कंपनी या डेस्कटॉपचा प्रोसेसरच बदलतेय. आतापर्यंत एका जातीचा होता, आता वेगळ्याच जातीचा. म्हणजे मशीनची मातृभाषाच बदलली म्हणा. जुन्या भाषेतले प्रोग्रॅम नव्याला तसेच्या तसे कळत नाहीत, ते नव्याने तयार करून घ्यावे लागतात. तेवढं आम्ही करून देतो. जुनं घेतलंत तर मात्र तीन-चार वर्षांनी त्याला विचारणारं कुणी उरणार नाही. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत.

बाई : तीन-चार वर्षांनी मी शाळेत नसेन. मार्चमध्ये मी रिटायर होतेय.

सर : वा! तुम्ही घरी बसाल निवांत, आणि आम्ही त्या पिवळ्या डब्याला थापट्या मारत बसू. आमची शाळा एकदा मशीन घेतलं की ते धूर काढेपर्यंत दुसरं घेत नाही, ताई. आधीचं चौदा वर्षं चाललं. गेल्या सोमवारी खरंच धूर काढून गेलं.

बाई : म्हणूनच जुनं हवंय. माझा टाइमटेबलचा प्रोग्रॅम जुन्यावर चालतो. एकतीस शिक्षक, अठरा वर्ग, एक प्रयोगशाळा, एक मैदान. परवा सोमवारी टाइमटेबल लावायचंय. तुझ्या त्या मातृभाषेच्या भानगडीत अडकायला मला वेळ नाही.

सर : ते आमचं टाइमटेबल म्हणजे एक सोहळाच असतो, ताई. बाई मशीनचं बटण दाबतात आणि आम्ही सगळे स्टाफरूमचं दार लावून बसतो. मशीन विचार करतं, आम्ही डबे उघडतो. चाळीस मिनिटं. वर्षभरात तेवढ्याच वेळात एकतीसच्या एकतीस जण एका खोलीत असतात. एरवी कुणी वर्गावर, कुणी मैदानावर. मराठीच्या सरांचा चेहरा मला त्या दिवशीच नीट दिसतो.

दुकानवाली : चाळीस मिनिटं? एवढ्याशा कामाला? गुरुवारी मी तुमचा पेनड्राइव्ह या जुन्या नगावर लावून बघितला. बावीस मिनिटं लागली.

बाई : बावीस चालतील.

सर : चालतील म्हणजे? कमी झाली तर चांगलंच आहे ना!

बाई : मी म्हटलं, चालतील.

दुकानवाली : आणि नव्यावर किती लागली, ओळखा बघू.

बाई : नव्यावर चाललाच नसणार.

दुकानवाली : तसाच्या तसा नाहीच चालला. पण पेनड्राइव्हवर मूळ प्रोग्रॅमही होता ना, तुम्ही स्वतः ओळ न् ओळ लिहिलेला? तो मी नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा तयार करून घेतला.

बाई : मूळ? मूळ उघडलास तू? कुणाला विचारून?

दुकानवाली : तुम्हीच म्हणालात ना, चालतो का बघ?

बाई : चालतो का बघ म्हटलं होतं. आत डोकावून बघ असं नव्हतं म्हटलं.

सर : बाई, एवढं काय! आत काय खजिना पुरलाय? ताई, लावा नव्यावर. मी हे बसलो खुर्चीत. उगीच आज डबा आणला नाही.

(दुकानवाली एक बटण दाबते. प्रिंटर लगेच खरखरतो आणि कागद बाहेर येतो.)

सर : हे काय?

दुकानवाली : तुमचं टाइमटेबल. दोन सेकंद.

सर : अहो, मी अजून नीट टेकलोसुद्धा नव्हतो!

बाई : चुकलं असणार. दोन सेकंदांत काय होतंय!

सर : थांबा, माझे तास बघतो. गुरुवार... जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच सातवी ब, मैदानावर. पोरं तुडुंब जेवलेली, त्यांना पळवायचं, आणि मग एकेकाला सावलीत नेऊन बसवायचं. बरोबर आहे, बाई. नेहमीचाच अन्याय आहे. टाइमटेबल शंभर टक्के खरं आहे.

दुकानवाली : मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. नवा प्रोसेसर वेगवान आहे, कबूल. पण बावीस मिनिटांवरून दोन सेकंद? मग मी अहवाल बघितला. प्रोग्रॅम नव्याने तयार करणारं सॉफ्टवेअर असतं ना, ते शेवटी काय काय बदललं ते सांगतं.

बाई : अगं, राहू दे तो अहवाल. आम्हाला उशीर होतोय.

सर : कसला उशीर? चाळीस मिनिटं वाचलीत आत्ताच. वाचा, ताई.

दुकानवाली : हे बघा. 'ओळ तीनशे बारा ते तीनशे सोळा : या ओळी फक्त आकडे मोजतात. त्यातून कोणतंही काम होत नाही. गाळल्या.'

सर : काम होत नाही म्हणजे?

दुकानवाली : म्हणजे मशीन एक, दोन, तीन असं मोजत सुटतं. एकावर इतकी शून्यं आहेत की माझी बोटं संपली. मोजून झालं की ते आकडे टाकून देतं आणि टाइमटेबल छापतं. टाइमटेबल मोजायच्या आधीच तयार असतं.

सर : बाई?

बाई : तसं... तांत्रिक कारण असतं त्याला.

सर : बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुमचे. अख्ख्या स्टाफला माहीत आहे.

बाई : झाकू कुठे आता कान?

सर : म्हणजे आम्ही सगळे चाळीस मिनिटं दार लावून, हळू आवाजात, मशीनला त्रास नको म्हणून पंखासुद्धा बंद करून बसायचो, आणि ते आत नुसतं मोजत होतं? किती वर्षं?

बाई : तेरा.

सर : तेरा गुणिले चाळीस किती हो? तुम्हीच सांगा, तुम्ही गणिताच्या.

बाई : आठ तास चाळीस मिनिटं.

सर : पंख्याविना!

बाई : पंख्याचं मी नव्हतं सांगितलं. ते हेडमास्तरांचं डोकं. आणि तोंडं वाकडी करू नका, सर, आधी ऐका. पहिल्या वर्षी, तुम्ही यायच्या आधी, ते टाइमटेबल अर्ध्या मिनिटात बाहेर आलं होतं. मी कोण आनंदाने हातात घेऊन उभी! तर हेडमास्तर कागद उलटा-सुलटा करत म्हणाले, 'एवढ्यात? मग याने विचार कधी केला?' झालं. एकानेही मानलं नाही. माझाच तास का, त्याचा का नाही! सहा वेळा बदलायला लावलं मला, आणि महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या वर्षी मी त्या पाच ओळी घातल्या. तेच टाइमटेबल, तस्संच, पण चाळीस मिनिटांनी. तर सगळे म्हणतात कसे, वा, किती बारकाईने विचार केलाय मशीनने!

दुकानवाली : अगं बाई गं!

बाई : हसतेस काय! पण खरी गंमत पुढेच आहे. बसल्या बसल्या लोक बोलायला लागले. 'माझी आई आजारी आहे, सोमवारचा पहिला तास तू घेशील का?' 'घेते, पण शनिवारचा शेवटचा तू घे, मला गाडी गाठायची असते.' मी आपली कोपऱ्यात बसून सगळं वहीत टिपायची. मग मशीन थांबलं की म्हणायची, एक बारीक दुरुस्ती करते हं. आणि ते सगळं आत घालायची. अर्धं टाइमटेबल तुमचं तुम्हीच केलंय, सर. मशीनचं फक्त नाव.

दुकानवाली : म्हणून तुम्हाला हा पिवळा नग हवा होता. बावीस तर बावीस.

बाई : म्हणूनच. नाहीतर सोमवारी दोन सेकंदांत प्रत्येकाच्या हातात कागद पडेल आणि जो तो आपला कागद घेऊन चालू लागेल. कुणाची आई आजारी आहे ते कुणाला कळायचं नाही. आणि मार्चनंतर तर मीही नाही टिपून घ्यायला. मला त्याचीच भीती वाटते, दुसरी कसलीच नाही. आता तुम्हालाही कळलं, सर. सांगा सोमवारी सगळ्यांना, बाईंनी तेरा वर्षं तुम्हाला बनवलं म्हणून. मी मान खाली घालून ऐकून घेईन.

दुकानवाली : अकरा वर्षं मी इथे वेग विकतेय, मॅडम. लोक एकेका सेकंदासाठी माझ्याशी भांडतात. हळू चालणारं मशीन द्या म्हणून हटून बसलेलं गिऱ्हाईक आजच बघितलं. सर, तुम्ही बोटांवर काय मोजताय?

सर : मी हिशेब करतोय. कुठल्या वर्षी ते आठवतोय.

बाई : काय कुठल्या वर्षी?

सर : माझं दुसरं वर्ष होतं. भूगोलाच्या मॅडम नव्यानेच आल्या होत्या.

बाई : तुमच्या घरच्या?

सर : तेव्हा कुठे घरच्या! तेव्हा फक्त भूगोलाच्या होत्या. त्यांना मैदानावर सूर्याची सावली मोजायला न्यायची होती पोरं, आणि मैदान माझं. त्या म्हणाल्या, तुमचा बुधवारचा तास द्या. मी म्हटलं, देतो, पण मला एक विचारायचंय. आणि विचारून टाकलं. बुधवारच्या तासाबरोबरच.

दुकानवाली : स्टाफरूममध्ये? सगळ्यांसमोर?

सर : सगळे खाण्यात दंग होते हो. तिने आधी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, टाइमटेबल येईपर्यंत विचार करते. मी घड्याळाकडे बघतोय, मशीनकडे बघतोय. घाम फुटलेला, त्यात पंखा बंद. एवढा तर मी शंभर मीटरच्या शर्यतीतही घामाघूम झालो नव्हतो. शेवटी प्रिंटर खरखरला. ती उठली, कागद बघितला, आणि जाता जाता म्हणाली, 'बुधवारही चालेल आणि तेही चालेल.'

बाई : हे मी नव्हतं टिपलं.

सर : दोन सेकंदांत ती नाहीच म्हणाली असती, बाई. कुठल्याही गोष्टीला तिच्या तोंडून आधी नाहीच निघतं. घरी पडदे घ्यायचे म्हटलं तरी नाही. अर्ध्या तासाने हो.

बाई : मग रागावला नाहीत ना?

सर : रागावलोय. पंख्याबद्दल. ताई, ते गाळलेलं परत घाला.

दुकानवाली : मोजणं परत नको घालायला. ते पुन्हा गाळलं जाईल, आणि पुढच्या मशीनवर पुन्हा वेगळाच वेळ लागेल. त्यापेक्षा सरळ सांगू, घड्याळ बघ आणि थांब. मग प्रोसेसर कुठल्या का जातीचा असेना, चाळीस म्हणजे चाळीस. पडद्यावर किती मिनिटं उरली ते दाखवू का? आकडे खाली खाली येताना छान दिसतील.

बाई : नको गं. सगळे तिकडेच बघत बसतील. एकमेकांकडे कोण बघणार मग?

दुकानवाली : बरं, पडदा कोरा. म्हणजे नवं मशीन घेताय?

बाई : घेते. जीव भांड्यात पडला माझा. सर, पण घरी? भूगोलाला सांगाल?

सर : मी खोकं उचलायला आलोय, बाई. बाकी मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही. फक्त एक खरं सांगा. गुरुवारचा तो जेवणानंतरचा तास, तो मशीनने दिला की तुम्ही?

बाई : मशीनने.

सर : कान बघू.

बाई : बरं बरं, पहिल्यांदा मशीनने. नंतर मी तसाच राहू दिला. तुम्ही कधी तोंड उघडून मागितलंच नाही काही, फक्त कुरकुरता. सोमवारी विचारा कुणालातरी. चाळीस मिनिटं आहेत की!

दुकानवाली : झालं, घातली ओळ. पण मॅडम, एक आहे. मार्चनंतर तुमच्या जागी जे येतील ते कधीतरी हा प्रोग्रॅम उघडतील. म्हणतील, इथे मशीन उगाच थांबतंय, आणि काढून टाकतील. त्या ओळीच्या वर एक टीप लिहून ठेवता येते. मशीन टीप वाचत नाही, माणसंच वाचतात. काय लिहू?

बाई : लिही... 'हा लबाडपणा माझा आहे. सर्वांची क्षमा मागते.'

सर : छे! तसलं काही नाही लिहायचं. ताई, मी सांगतो ते लिहा.

दुकानवाली : सांगा.

सर : लिहा, 'ही ओळ गाळू नये. इथे काम चालू आहे.'