पन्नास लाखांत नवरा

...आणि वर मी म्हणाले काय, तर ‘पन्नासात द्या’! द्या!! जसं काही ते विमावाले काका माझा नवरा टोपलीत घालून दारावर विकायला आले होते आणि मी उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून भाव करत होते! बरं, नवरा होता कुठे? समोर! सोफ्याच्या त्या टोकाला, मांडीवर पोरगी, हातात तिचा चावून चावून चिकट झालेला रबरी जिराफ... आणि त्याच्या देखत मी... नका हो हसू. बरं हसा, पण हळू हसा, तो आतच आहे.

शिकलेली बाई आहे हो मी! अर्थशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे. मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, झोपेतून उठवून विचारा. पण पदवीचं काय होतं, ती कपाटात असते, आणि तोंड असतं चेहऱ्यावर. आणि आमच्या घरात एक पद्धत आहे, सासूबाईंनी घालून दिलेली. समोरच्याने आकडा उच्चारला रे उच्चारला की त्याचा निम्मा बोलायचा. आकडा कशाचा आहे ते सावकाश बघू! मग चेहरा पाडायचा, ‘राहू द्या’ म्हणायचं आणि उठायचं. उठल्याशिवाय समोरचा हलत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत. पडदेवाला, नळवाला, बाबागाडीवाला, सगळे असेच नमवलेत आम्ही. पोरीच्या डॉक्टरांनी ‘औषध दिवसातून चारदा’ म्हटलं, तर सासूबाई लगेच म्हणतात, “दोनदा चालेल?” आता अशा घरात तीन वर्षं राहिल्यावर माणसाच्या जिभेला वळण लागणार नाही का? तुम्हीच सांगा!

झालं काय, की पोरगी धरून धरून उभी राहायला लागली आणि मला एकच धास्ती लागली. ती पडेल म्हणून नाही हो! नवरा पडेल म्हणून! तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे वर लिफ्ट, खाली खड्डा, आणि मध्ये माझा नवरा, तोंडात छोटी बॅटरी धरून. रोज सकाळी तो बूट घालायला बसला की मी त्याच्याकडे अशी बघते, की तो एकदा म्हणालासुद्धा, “अगं, कामावर चाललोय, युद्धावर नाही.” तर मीच म्हटलं, आपण विमा काढू या. मीच! कल्पना माझी, फोन माझा, काकांना चहाला बोलावलं ते मी. अब्रू घालवायचीच, तर निदान चहा-बिस्किटं ठेवून!

हे काका म्हणजे एकदम मऊ माणूस. ‘मरण’ हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नाही. “वहिनी, साधा हिशोब असतो बघा. देव न करो, उद्या काही कमीजास्त झालं... होणार नाहीच... पण झालं, तर घर चालू राहिलं पाहिजे. म्हणून घरात वर्षाला जेवढे येतात, त्याच्या वीसपट. तुमच्याकडे किती येतात?” मी पगार सांगितला, जादा कामाचे सांगितले, सुट्टीच्या दिवशी जातो त्याचे सांगितले. काकांनी डोळे मिटून गुणाकार केला आणि म्हणाले, “म्हणजे साधारण एक कोटी धरू.”

एक कोटी!

आकडा कानावर पडला आणि तोंडातून निघालं, “पन्नास करा.”

काकांचा कप ओठाला लागलेला तिथेच राहिला. “वहिनी, अहो, हे तुम्ही द्यायचे नाहीत. तुम्हाला मिळायचेत.”

“ते खरं हो, पण एक कोटी फार होतात. ओळखीतले आहात, बघा काहीतरी.”

“अहो, ओळखीचा काय संबंध... बरं, नव्वद धरू?”

“पन्नास.”

“हप्ता जड वाटतोय का? अहो, फारसा फरक नाही पडत. ऐंशी?”

आणि मी उठले! तुम्हाला सांगते, अक्षरशः उठले, पदर-बिदर नव्हता तरी खांद्यावरून काहीतरी झटकल्यासारखं केलं आणि म्हणाले, “पन्नासात द्या, नाहीतर राहू द्या.” राहू द्या! काय राहू द्या? नवरा? तो तर इथेच राहतो!

काकांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जिराफाकडे बघत होता. काका म्हणाले, “बरं... पन्नास.” आणि मी, विजयी मुद्रेने, सासूबाईंकडे बघितलं. शाबासकीसाठी हो! त्या दारात उभ्या. त्यांचा चेहरा मी या जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, “अगं, मी मेथीची जुडीसुद्धा निम्म्यात मागते आणि पाऊणपटीत घेते. तू माझा मुलगा खरंच निम्म्यात काढलास?”

आता मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माझा तर विमाही नव्हता!

काका गेले. नवरा बोलला एकच वाक्य, “पन्नासात देखभाल धरून का वेगळी?” मी हसले, वाटलं, चला, गंमत करतोय. पण मग तो उठला आणि स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळून पालथा घातला. स्वतःचा कप! स्वतः! ज्या बायकांचे नवरे आहेत त्यांना कळलं असेल किती दुखावला होता ते.

तुम्हाला वाटेल, सवयीने झालं, सोडून दे. मीही तेच सांगते सगळ्यांना. पण खरं सांगू? सवयीने झालं ते पहिल्या वेळेला. काका “तुम्हाला मिळायचेत” म्हणाले ना, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला होता. अहो, शिकलेली बाई आहे मी! मिळणं आणि देणं यातला फरक कळत नाही का मला? कळला होता. आणि तरी मी ‘पन्नास’ला चिकटून राहिले. का? कारण तुम्ही कल्पना करा, नवरा समोर बसलाय, चांगला धडधाकट, मांडीवर लेक, आणि आपण म्हणायचं की नाही काका, एकात नाही भागणार, सव्वा करा? कसं दिसेल ते? वाट बघतेय असं नाही दिसणार? मला वाटलं, कमी मागितलं की शोभून दिसेल. पैशाची हाव नाही, माणूस हवाय, असं काहीतरी. आणि त्याला काय दिसलं? की ही मला निम्म्यात सोडायला तयार आहे. एका आकड्यात दोन्हीकडून तोंड काळं करून घ्यायचं म्हणजे शिक्षण लागतं बरं का, असंतसं नाही जमत ते!

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी झोपली आणि मी बसले. म्हटलं, हे आधी करायचं होतं ते आता करू. हिशोब. तो नसताना घराला काय लागेल? लिहायला घेतलं आणि पेनच पुढे जाईना... ‘तो नसताना’ असं लिहायचं कसं? म्हणून लिहिलं, ‘तो बाहेरगावी असताना’. कायमचा बाहेरगावी. आता घरभाडं, पोरीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, दर वर्षी वाढणारी महागाई, मी नोकरी शोधीन तोपर्यंतचं एखादं वर्ष. सगळं मांडलं आणि पन्नास लाखांतून वर्षामागून वर्ष खर्च वजा करत गेले. पैसे कधी संपले माहितीये? पोरगी सातवीत. सातवीत! म्हणजे अजून तिला धड वेणी घालता येत नसेल, आणि घरातले पैसे संपलेले, आणि का, तर आईने भर चहात घासाघीस केली! ती झोपली होती शेजारी, तोंड उघडं टाकून, आणि मला तिच्याकडे बघवेना.

आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तर पुढेच आहे. काका म्हणाले होते, “खर्चातून त्यांचा स्वतःचा खर्च वजा करायचा वहिनी, तो राहणार नाही ना.” ठीक आहे, म्हटलं करू वजा. काय करू वजा? चहा. दाढीचं ब्लेड. केस कापणं, तेही सासूबाईंनी दोनदा हटकल्यावर. बूट कंपनी देते. शर्ट? शेवटचा शर्ट त्याने... मला आठवेचना. मी बसून शोधतेय, शोधतेय, हा माणूस स्वतःवर खर्च तरी काय करतो, आणि जी बेरीज आली ना, ती पोरीच्या लंगोटांच्या खर्चाहून कमी! आता मला सांगा, एवढा स्वस्त माणूस, त्याचीही मी किंमत पाडली! तिथे मात्र मी रडले. आवाज न करता, पोरगी उठू नये म्हणून.

डोळे पुसले आणि काकांना फोन. “काका, आकडा बदलायचाय. एक कोटी वीस.”

काका चाचरले. मग, “वहिनी, परवा तुम्ही...”

“परवाचं सोडा हो!”

“नाही, सोडतो, सोडतो. पण माझ्या सगळ्या आयुष्यात, म्हणजे या धंद्यात, असं गिऱ्हाईक... बरं, कंपनीकडे मागून बघतो.”

मी खूश. वाटलं, आता नवऱ्याला सांगते, सगळं भरून निघेल. तो आला, हात धुतले, ग्रीस निघेना म्हणून परत धुतले. मी शेजारी जाऊन उभी. “ऐक ना. मी वाढवलेत.”

“काय?”

“तुझे. एक कोटी वीस.”

त्याने नळ बंद केला आणि माझ्याकडे वळून बघितलं. “अगं... दोन दिवसांत असं काय झालं? मला काही होणार आहे का?”

घ्या! कमी केले तरी चोर, वाढवले तरी चोर! आणि सासूबाई मागून, “एवढे? अगं बाई! आता काही त्याला एकटं खाली लिफ्टच्या खड्ड्यात पाठवू नका हो!” आठवडाभर मी त्याला चहा दिला की तो एक घोट घेऊन थांबायचा, कपात बघायचा, मग पुढे प्यायचा. गंमत म्हणून करतो म्हणायचा. मला नाही वाटत ती पूर्ण गंमत होती! आणि मी? मी दिवसभर कानकोंडी. पोळीवर तूप जरा जास्त वाढलं तरी मलाच वाटायचं, काय दिसत असेल हे?

तर पुढच्या आठवड्यात काका आले, आणि चहाला नको म्हणाले. तेव्हाच ओळखलं मी. “वहिनी, कंपनी पंच्याहत्तरच्या वर जात नाहीये. त्याचं काय झालं, पगारपत्रकावर जो पगार छापलाय, त्याचीच वीसपट धरतात. जादा काम, सुट्टीचं काम त्यात नाही येत.”

“असं कसं? लावा तुमच्या ऑफिसला फोन.”

“वहिनी, कंपनीशी घासाघीस होत नसते.”

“फोन लावा म्हटलं ना!”

लावला. पलीकडे एक मुलगी, आवाज असा की गुळगुळीत फरशीवर पाणी सांडावं. “मॅडम, मी समजू शकते, पण आम्हाला पत्रकावर जे आहे तेच धरता येतं.” आता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मी शरमेने अर्धी झालेली बाई, कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण माझा आवाज जो चढला! म्हटलं, “अहो, जेवणाच्या ताटावरून उठून जातो तो! कुणाच्या तरी लिफ्टमध्ये म्हातारी माणसं अडकून रडत असतात, त्यांना दाराच्या फटीतून बोलत बसतो, घाबरू नका आजी, आलोच म्हणतो. ते कुठे छापलंय तुमच्या पत्रकावर? पोरीचं नाक तो साफ करतो, माझ्याकडून ती करूनच घेत नाही! सासूबाईंच्या गुडघ्याला तेल... अहो बाई, माझा नवरा त्या पत्रकावर मावत नाही!”

“मॅडम... पंच्याहत्तर.”

“एक कोटी वीस!”

“मॅडम, पंच्याहत्तर.”

मी उठणार कुठे? उभीच होते! आणि सवयीने वळले, निघून गेल्याचं दाखवायला... तर दारात नवरा. एका हातात बूट, एका हातात अवजारांची पिशवी. कधीचा उभा होता कोण जाणे. सगळं ऐकलेलं. नाक, तेल, आजी, सगळं! तुम्हाला सांगते, पन्नासला मागितलं तेव्हा लाजले नव्हते एवढी लाजले. लग्नाला तीन वर्षं झाली, एक चांगला शब्द तोंडावर बोलले नाही कधी, आणि बोलले ते कुणाजवळ, तर विमा कंपनीच्या मुलीजवळ! शिकलेली बाई आहे हो मी...

काकांनी हळूच फोन माझ्या हातातून काढून घेतला, “पंच्याहत्तर धरा मॅडम” म्हणाले, आणि नवऱ्याच्या बाजूने अंग चोरून निघून गेले.

नवऱ्याने बूट कोपऱ्यात ठेवले. म्हणाला, “तुझ्या हिशोबाने लागतात एक कोटी वीस.”

“हो.”

“ते देतात पंच्याहत्तर.”

“हो.” मला मान वर करवेना. “वरचे पंचेचाळीस लाख कमी पडतात.”

“मग ते मीच देतो की. जिवंत राहून.” आणि पोरीला उचलून घेत म्हणाला, “एकदम नाही जमायचं पण. हप्त्याने देईन.”

मी म्हटलं, बरं. हप्ता चुकवू नकोस म्हणजे झालं.