उग्र वास आणि चावरे खेकडे

संपादिका : ...आणि सातव्या ठिकाणाला फक्त चार वाक्यं? सर, आधीच्या सहांना तुम्ही पानंच्या पानं दिलीत.

सर : ठिकाणाच्या योग्यतेप्रमाणे शब्द खर्च करावेत. नववीत असताना तुला हेच सांगितलं होतं.

संपादिका : ऐका हं. 'फवाऱ्याचा खडक. भरतीची लाट खालच्या भेगेत शिरते, क्षणभर सगळं शांत होतं आणि मग पाणी दोन पुरुष उंच उसळतं. पुढे उभे राहाल तर भिजाल, मागे राहाल तर हळहळाल.' किती छान लिहिलंय! पक्ष्यांच्या बेटावर तर तुम्ही पिल्लांची भांडणंसुद्धा सोडली नाहीत. आणि आता हे. 'कड्यामागचा किनारा. येथे वर्षभर उग्र वास येतो. खेकडे चावरे आहेत. पायऱ्या निसरड्या आहेत. न गेल्यास काही बिघडत नाही.'

सर : नेमकं आणि आटोपशीर.

संपादिका : सर, ही पर्यटकांसाठीची पुस्तिका आहे!

सर : मग? पर्यटकांशी खोटं बोलू? यादी तुमच्या कार्यालयाने दिली. माझ्या हातात असतं तर सहाच ठेवली असती.

संपादिका : मी काल सकाळी जाऊन आले तिथे.

सर : कशाला?

संपादिका : वास घ्यायला.

सर : अगं, एकटी गेलीस? त्या पायऱ्या...

संपादिका : कोरड्या ठणठणीत आहेत. वाळू इतकी मऊ की मी चपला हातात घेतल्या. पाणी असं नितळ की पायाची नखं दिसत होती. आणि ओहोटीला खडकांत डबकी साचली होती, त्यांत तारामासे! तुम्ही आम्हाला फळ्यावर तारामासा काढून दाखवलात सर, आणि खरा इथे असताना दडवून ठेवता?

सर : खेकड्यांचं काय?

संपादिका : मला बघून पळाले.

सर : काल बुजले असतील.

संपादिका : उद्या हे छपाईला जातंय. खरं काय ते सांगा, नाहीतर मी स्वतः लिहिते आणि मुखपृष्ठावर फोटोही तिथलाच टाकते.

सर : हळू बोल! तुझी काकू आत आहे. तिच्यासाठीच चाललंय हे सगळं.

संपादिका : काकूंसाठी?

सर : ती या वयात पोहायला शिकतेय. लाजते बिचारी. माणसं यायला लागली तर पाण्यात पाऊल टाकायची नाही. आता तूच सांग, एका बाईच्या हौसेपुढे तुमच्या पर्यटकांचं काय एवढं?

काकू (स्वयंपाकघरातून बाहेर येत) : कोण बिचारी?

सर : तू चहाचं बघत होतीस ना?

काकू : चहा उकळतोय आणि मीसुद्धा. अहो, माझं माहेर त्याच किनाऱ्याच्या वर, कड्यावरचं. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून समोरच्या सुळक्याला वळसा घालून येतेय मी. मी शिकतेय पोहायला?

संपादिका : मग शिकतंय कोण?

काकू : विचार की तुझ्या सरांना. चौतीस वर्षं पोरांना समुद्र शिकवला. भरती, ओहोटी, प्रवाह, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही! आणि काय हो, माझ्या माहेराला उग्र वास?

सर : ते वाक्य मी फार जड मनाने लिहिलं.

काकू : माझ्या भावांच्या कानावर जाऊ दे. मग बघा कोण चावरं आहे ते.

संपादिका : पण सर, शिकताय तर चांगलंच आहे की. लपवायचं कशाला?

सर : निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय. पोस्टमन, दोन्ही डॉक्टर, तुमचे साहेब. ज्यांना मी अंगठे धरायला लावले, त्यांच्यासमोर चड्डीवर, कमरेला ट्यूब अडकवून हातपाय झाडू? एक जण जरी हसला ना, मी पुन्हा पाण्यात उतरणार नाही. मला ठाऊक आहे माझा स्वभाव. आणि मला उतरायचंय गं. ही सुळक्यापर्यंत जाते, हसत परत येते. लग्न झाल्यापासून मी हिचा टॉवेल धरून काठावर उभा आहे. एकदा तरी हिच्याबरोबर तिथवर जायचंय.

काकू : हे मला कधी बोलला नाहीत.

सर : टॉवेल धरलेल्या माणसाने काय बोलायचं?

संपादिका : बरं, मग असं करू. वास काढला, खेकडे काढले. खरं तेवढंच ठेवू. 'उतरायला तीनशे पायऱ्या. चढायलाही त्याच. सावली नाही, चहा नाही, फोन लागत नाही.'

सर : वा! दहापैकी दहा. कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.

काकू : पाण्याबद्दल एक तरी चांगलं वाक्य घाल बाई. माहेर आहे माझं.

संपादिका : घालते. 'पाणी नितळ आहे.' एवढं वाचून कुणी तीनशे पायऱ्या उतरलाच, तर येऊ दे त्याला. तो हसणाऱ्यांतला नसेल.

सर : वर्षभर जरी निभावलं तरी पुरे. अजून साधं तरंगणंही जमत नाही मला. ही पाठीखाली हात धरते म्हणून. हात काढला की मी तळाला.

संपादिका : कालसुद्धा धरला होता?

सर : काल? म्हणजे तू आम्हाला पाहिलंस?

संपादिका : परत चढताना, पायऱ्यांवरून. तुम्ही डोळे मिटून उताणे पडला होतात.

काकू : अगं, तुला साखर किती घालू?

सर : थांब गं जरा. हसलीस का तू?

संपादिका : नाही सर, शपथ. पण काकू तर पार लांब, खडकावर बसून केस विंचरत होत्या.

सर : ...किती वेळ?

काकू : वेणी घालून होईपर्यंत.