सात किलोमीटर केळीच्या टेम्पोत

नाही, पण मला एक सांगा, माणसाने माघार घ्यायची ठरवली तर त्याला नीट माघार तरी घेऊ द्याल की नाही? तिथेही टाळ्या? आमच्या शाळेतल्या हेमकांतचं तेच झालं, तुम्हाला सांगतो. भूगोल शिकवतो, शहाद्याला, वय त्रेचाळीस, आणि गेल्या हिवाळ्यात याच्या डोक्यात शिरलं ट्रायथलॉन. म्हणजे आधी तापीत पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं, आणि मध्ये चहासुद्धा नाही. बरं, जायचं तर गुपचूप जावं ना? याने स्टाफरूममध्ये सांगितलं, वर्गात सांगितलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं... ऑनलाइन मागवलेला तो अंगाला चिकटलेला पोशाख घालून ओट्यावर आला, तर त्याची आई, जसोदाबाई, त्याला खालून वरपर्यंत बघून म्हणाली, "भाऊ, वरना कपडा येवाना बाकी शे का?"

तर रविवारी सकाळी तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावर शे-दीडशे माणसं. पोहायला हा शिकला शेतातल्या विहिरीत. विहिरीत कसं असतं, कुठेही वळा, दोन हात मारले की भिंत. तापीत उतरला आणि भिंतच येईना. बचावाच्या होडीला दोनदा लटकला, नियमात बसतं ते, आणि आला कसाबसा बाहेर, कानात शेवाळ घेऊन. सायकलवर बसला. तळोद्याच्या रस्त्याने दहा किलोमीटर जायचं, तिथे मनगटाला हिरवी फीत बांधतात, की परत फिरायचं. फीत बांधली, परत फिरला, तीन किलोमीटर आला, आणि मागचं चाक... फुस्स.

आता राहिले सात किलोमीटर. पुढे कोणी दिसेना, मागे वळणापलीकडचं काही दिसेना, दोन्ही बाजूंना ऊस. पंक्चर काढायचं सामान याच्याकडे नाही, कारण ते घेतलं की वजन वाढतं असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने ठरवलं, संपलं आपलं, आता माघार. आणि तेवढ्यात केळीचा टेम्पो आला. चालवत होता मिथुन, याचाच जुना विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास झालेला.

"सर, काय झाये? बठा ना, सोडी देस."

बसला. मागे, घडांमध्ये, सायकल आडवी टाकून. इथवर सगळं सरळ आहे. माणूस थकला, टेम्पोत बसला, आता जाऊन सांगेल की मी स्पर्धा सोडली. पण दोन किलोमीटरवर समोरून मोटरसायकलवर शिट्टीवाला स्वयंसेवक आला, आणि हेमकांतने काय केलं असेल? केळीच्या पानाखाली आडवा झाला. मला सांगा, माघार घेणारा माणूस लपतो कशाला? त्याने स्वतःला तेव्हाच विचारलं होतं हे, मागाहून मला म्हणाला.

टेम्पोतून सगळ्यांसमोर उतरायची लाज वाटली म्हणून घाटाच्या अलीकडे वळणावर उतरला. सायकल ढकलत निघाला, सरळ टेबलाशी जाऊन सांगायचं, या तयारीने. पण वळण संपलं आणि माइकवाल्याने पाहिलं. माइकवाला म्हणजे, तुम्हाला सांगतो, एरवी लग्नं गाजवणारा माणूस. "बघा, मित्रांनो, बघा... सायकल पंक्चर, टायर बसलेला, पण हा पठ्ठ्या ढकलत ढकलत आलेला आहे, याला म्हणतात जिद्द..." शे-दीडशे माणसं उभी राहून टाळ्या. याची बायको संध्या डोळे पुसतेय. सातवीतली मुलगी मयूरी उड्या मारतेय. कुणीतरी हातातली सायकल घेतली, कुणीतरी पाठीवर थाप मारून पळायच्या रस्त्याला लावला. किती लांबून ढकलत आलास, असं एकाने तरी विचारावं? कुणी विचारलंच नाही, तर माणूस सांगणार कसं?

आणि पळाला पण काय, तुम्हाला सांगतो. सात किलोमीटर आराम झालेले पाय, त्यात मागे भीती. चाळिशीच्या वरच्या गटात तिसरा आला. गळ्यात मेडल. चौथे आले कय्युमभाई, एस्टी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना, ते. एक्कावन्न वर्षांचा माणूस, लोखंडाची जड सायकल, आपल्याच हाताने सरळ केलेली. ते आले ते थेट हेमकांतकडे, त्याचे खांदे धरून म्हणाले, "सर, तब्येत ठीक शे ना?" हा म्हणाला, हो. आता विचारलं, पण तब्येतीचं विचारलं. टेम्पोचं कुणी विचारलंच नाही.

सोमवारी शाळेत सत्कार. शाल, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण, 'अपयशाला ढकलत नेणारा शिक्षक'. समोर पाचशे पोरं. पुढच्या ओळीत मयूरी. मग म्हणाले, सरांनी दोन शब्द बोलावेत. हेमकांत उभा राहिला. रात्रभर झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, त्याने माइक धरला आणि सांगून टाकलं. "मुलांनो, मी सात किलोमीटर टेम्पोत बसून आलो."

अख्खं मैदान हसलं. पोरं हसली, शिक्षक हसले, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "खरंच, केळीच्या टेम्पोत." आणखी हसले. मुख्याध्यापकांनी माइक घेतला, "पाहिलंत, मोठी माणसं स्वतःवर कसा विनोद करतात." आणि पुन्हा टाळ्या. त्याची ती अवस्था... माणूस चोरी कबूल करतोय आणि लोक त्याला आणखी एक शाल घालताहेत.

फक्त मयूरी हसली नाही. बापाचा चेहरा तिला वाचता येतो. घरी आल्यावर दप्तर न काढताच तिने विचारलं, "पप्पा, खरंच बसले होते?"

तर बघा, दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. हेमकांत खाली बघत म्हणाला, "हो." तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "मग ते मेडल कुणाचं?"

त्याच संध्याकाळी याने आयोजकांना फोन करून नाव काढायला लावलं आणि मेडल खिशात घालून, मयूरीला बरोबर घेऊन, कय्युमभाईंच्या दुकानात गेला. ते एका चाकाच्या तारा ताणत होते. याने मेडल पुढे केलं. कय्युमभाईच म्हणाले, "माले मालूम शे सर. मी मांगेच व्हतू. तुम्ही टेम्पोमा बठनात ते मी दखं."

"मग बोलला का नाहीत?" हेमकांतने विचारलं.

"माले वाटनं तुमले चक्कर उनी. म्हनीसन तब्येत विचारी." चाक फिरवून बघितलं आणि हळूच म्हणाले, "दोन मिनिटं थांबतात ना सर. मन्हा कडे पंक्चरनं सगळं सामान व्हतं."

तुम्हाला सांगतो, शिव्या घातल्या असत्या तर हेमकांतला बरं वाटलं असतं. दोन मिनिटं थांबला असता तर... तो तिथेच स्टुलावर बसला आणि मुलीसमोर रडला. कय्युमभाईंनी हात पुसले, मेडल घेतलं, नको-बिको काही म्हणाले नाहीत, त्यांचंच होतं ते. मग म्हणाले, "आते रविवारले ते सात किलोमीटर पुरा करा. मी येस संगे."

आणि गेले. रविवारी सकाळी, जिथे चाक बसलं होतं बरोब्बर तिथून, पुढे हेमकांत, मागे कय्युमभाई हातात घड्याळ घेऊन, आणि घाटावर वाट बघत मयूरी. ना माइक, ना टाळ्या. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, उलटा वारा लागला, पण एकदाही न उतरता आला, घामाने निथळत. धुणं धुणाऱ्या दोन बायांनी मान वर करून पाहिलं आणि परत कपडे आपटायला लागल्या.

कय्युमभाईंनी घड्याळ बघितलं, बोटांवर बेरीज केली. "सर, हाई टाइम धरा, तर तुमना नंबर चौथा."

चौथा. हेमकांतच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा जरा रंग आला, तुम्हाला सांगतो. छाती थोडी वर आली. चौथा म्हणजे काही अगदीच वाईट नाही, या वयात, या पोटाला.

मयूरीने पाण्याची बाटली पुढे केली. "पप्पा, तुमच्या गटात होते किती जण?"

हेमकांतने झाकण उघडलं, दोन घोट प्यायला, नदीकडे बघितलं.

"चार," म्हणाला.