ही इथं थांबतेच

…काही नाही हो काका, ही इथं थांबतेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, नेहमीचंच आहे तिचं. ते लाल बटण सारखं दाबू नका, खालच्या वॉचमननं ऐकलंय, माणूस बोलावतो म्हणालाय, आता तो माणूस येईल, येणारच, येणार नाही तर जाणार कुठं? आणि दादा, तुम्ही ते खोकं खाली ठेवा, पण हळू, आपटू नका… पाटीवर वजन लिहिलंय बघा. मी सातवीपर्यंतच शिकले, पण आपल्या सगळ्यांची बेरीज मी आत शिरतानाच केली होती. तुमचं खोकं त्यात धरलं नव्हतं. नाही, दोराला काही होत नाही. दोराचं नाव कुणी काढलं? बरं, मीच काढलं असेल.

पिल्लू, तू स्टुलावर बस. पाय हलवू नकोस. हलव, हलव, पण हळू हलव.

तुम्हाला सांगते, हे स्टूल न्यायलाच आले होते मी. माझी आई या लिफ्टवर होती. हो काका, तीच, बटणांपाशी बसायची ती. तुम्ही पण तिला रेडिओच म्हणायचात? सगळेच म्हणायचे. महिना झाला तिला जाऊन. वरच्या ऑफिसातून निरोप आला, आईचं स्टूल अडगळीत पडलंय, न्या नाहीतर टाकून देतो. मी ठरवलं होतं, जिन्यानं जाईन, जिन्यानं येईन. वर चढून गेलेही, लेकीला कडेवर घेऊन. पण उतरताना एका बाजूला पोर, एका बाजूला स्टूल… माझीच बुद्धी फिरली.

रेडिओ म्हणे! घरी या बाईच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. संध्याकाळी आली की चप्पल काढून सरळ फरशीवर आडवी, हात पसरून. मी विचारायची, आई, दमलीस का? तर म्हणायची, नाही गं, ही जमीन हलत नाही ना, ते बघतेय. जन्मभर तळमजल्यावर राहिली. वरची खोली स्वस्त मिळत होती, हवेशीर होती, तर म्हणाली, नको, मला खिडकीतून माणसांचे पाय दिसलेले बरे. कुत्र्याला भ्यायची, फोन वाजला की भ्यायची, दूध वर आलं की आधी किंचाळायची आणि मग गॅस बंद करायची. आणि अशा बाईला नोकरी कुठली लागावी? वडील गेले तेव्हा इथल्या मॅनेजरनं विचारलं, काय काम कराल? ही म्हणाली, काहीही करीन. तो म्हणाला, मग लिफ्टवर बसा. झालं!

…आवाज आला का? वरून आला? वरून नको यायला… काही नाही, ही इथं थांबतेच.

हां, तर ती गेल्यावर लोक घरी भेटायला आले, जो तो म्हणतोय, काय बोलायच्या तुमच्या आई, काय बोलायच्या! मला वाटलं, घर चुकले बिचारे. मग लिफ्ट दुरुस्त करणारा म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, पोरी, सगळे गप्प झाले की वरचा दोर करकरताना ऐकू येतो. तो ऐकू येऊ नये म्हणून ती बोलायची. कुणाचा खोकला, कुणाची परीक्षा, कुणाची सून… तुम्हाला सांगते, बाई भीतीनं बोलत होती आणि सगळी इमारत म्हणत होती, काय गोड स्वभाव!

आणि लिफ्ट अडली की एकच वाक्य. काही नाही, ही इथं थांबतेच. पहिल्यावर अडली तरी इथंच, चौथ्यावर अडली तरी इथंच. आवाज कसा, अगदी थंड. आणि हात? स्टुलाखाली. ऊठ गं पिल्लू… हे बघा, इथला रंग गेलाय की नाही? इथं धरून बसायची. घट्ट.

काका, असं काय बघताय? हां… मघाशी मी 'नेहमीचंच आहे' म्हणाले ते… अहो, मी या लिफ्टमध्ये आज पहिल्यांदा पाय ठेवलाय! आईनं कधी बसूच दिलं नाही मला. आता रागावू नका, पण तुम्हाला बरं वाटलं होतं की नाही?

ही पोर बघा, जराही घाबरली नाही. तिला खेळ वाटतोय. आजी हिला पायांवर बसवून लिफ्ट-लिफ्ट खेळायची. कितवा मजला हो बाई? शेवटचा मजला म्हणजे आजीचे गुडघे. मध्येच अडवायची आणि तेच वाक्य म्हणायची, की ही खिदळायची. हिच्या जन्माच्या वेळी मी ओरडत होते, मी मरते, मी मरते, तेव्हाही कपाळावर हात ठेवून म्हणाली, काही नाही, हे इथं थांबतंच. आणि पोर आली की हो!

शेवटी दवाखान्यात तिचा श्वास अडकायचा. एक आत जायचा, आणि मग… काहीच नाही. तिनं डोळे उघडले आणि मलाच म्हणाली, "काही नाही गं. हा इथं थांबतोच. तू जा, पाणी भरून आण."

आणि मी गेले. बाटली घेऊन गेले. एवढ्या थंड आवाजात म्हणाली, कोण जाणार नाही? परत आले, तर चादरीखाली तिचा हात पलंगाच्या कडेला… घट्ट.

नाही, मी रडत नाहीये. पिल्लू, आई रडत नाहीये. काय? काय म्हणालीस?

ऐकलंत काका? मला सांगतेय. "काही नाही, ही इथं थांबतेच."

…हलली! हलली ना? धरा, धरा कुणीतरी… खाली चाललीय ना? सावकाश खाली ना? हां. हा आला तळमजला. उतरा काका, जपून. दादा, तुमच्या खोक्याला माझं स्टूल अडकलंय, थांबा… अहो साहेब, आधी आतल्यांना उतरू द्या ना! काय? चौथा? मी लिफ्टवाली नाही हो, हे स्टूल माझ्या आईचं… नका, दार नका लावू, मला उतरायचंय…

लागलं दार.

बरं. चौथा ना? दारापासून जरा लांब उभे राहा. एवढा घाम का आलाय तुम्हाला? लिफ्टची भीती वाटते? काही नाही हो, मध्येच थांबली तर घाबरू नका, ही इथं थांबतेच. फक्त असं गप्प उभं राहू नका, काहीतरी बोला. घरी कोण कोण असतं?… नाहीतर राहू द्या, मीच बोलते.